सायकलीच्या दुकानापासून किर्लोस्करवाडीपर्यंत

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही तरी लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा आमच्या नुंगंबाक्कमच्या कचेरीत वर्षअखेरीच्या हिशेबांची धांदल चालू होती. लेखन हा माझा व्यवसाय नव्हे. टिपणे आणि खलिते लिहिण्यातच उमेद खर्ची पडलेली. म्हणून नकारच कळविणार होतो. परंतु त्याच आठवड्यात आपल्या मंडळाचे एक सभासद हॅडोज रोडवरील कचेरीत मला भेटावयास आले आणि विषय आपोआप हाती आला.

हे गृहस्थ सौकारपेठेत गलाईचा धंदा करतात. आपल्या मंडळात सरकारी नोकर, बँकवाले व कारखान्यांतील अधिकारी यांच्याबरोबरच सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या भागांतून आलेली गलाई व्यावसायिकांची कुटुंबे आहेत, हे वाचकांना सांगावयास नको. दुष्काळी मुलखातून बाहेर पडलेल्या या मंडळींनी दक्षिणेतील गावोगावच्या सराफ बाजारांत मूस, भट्टी आणि तेजाब यांच्या बळावर आपले बस्तान बसविले. जुने सोने आटवावे, त्यातील हीण काढावे, शुद्ध सोन्याची लगड करून द्यावी, हा त्यांचा व्यवसाय. परंतु आता सोन्याचा कस क्षणार्धात सांगणारी यंत्रे बाजारात आली आहेत आणि २०२१ च्या जूनपासून हॉलमार्कही टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले आहे. या बदलाची धास्ती त्या गृहस्थांच्या बोलण्यात होती. त्यांचा मुलगा बी. कॉम. झाला आहे. त्याने केंद्र सरकारच्या परीक्षेला बसावे, मी त्याला मार्ग दाखवावा, अशी त्यांची इच्छा होती. मुलाविषयी त्यांची एक तक्रारही होती. हाती येईल ती वस्तू तो उघडून बघतो. दुकानातील चांगला चाललेला विजेचा तराजू त्याने एकदा सोडवून ठेवला आणि दोन दिवस धंद्याचा खोळंबा झाला. अशा मुलाचे दुकानात काय होणार, असा त्यांचा प्रश्न होता.

त्यांना मी चहा पाजून परत पाठविले. उत्तर मात्र देता आले नाही. ते गेल्यावर मनात सारखे येत राहिले की, यांच्या गावापासून फार दूर नसलेल्या एका माळावर अशाच एका माणसाने, वस्तू उघडून बघण्याच्या याच खोडीपायी, केवढा संसार उभा केला! त्या माणसाची हकीकत आपणा सर्वांच्या कानांवरून गेलेली आहे. तरीही ती पुन्हा एकदा सांगावी असे वाटले.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. एका लहानशा गावाने महाराष्ट्राला नाटक दिले आणि नांगरही दिला, हे जाता जाता नमूद करण्यासारखे आहे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. घरात ग्रंथ होते, पैसा बेताचा होता. शाळेतील पाठांतरात मुलाचे मन रमेना. चित्रे काढण्यात आणि हातांनी काही घडविण्यात मात्र ते रमे. अशा मुलाविषयी त्या काळच्या बापाला काय वाटत असेल, याची कल्पना वर उल्लेखिलेल्या सभासदांवरून यावी.

१८८५ च्या सुमारास लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. रेखा उत्तम होती, हात स्थिर होता. पण रंगकामाची वेळ आली तेव्हा एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. त्यांना काही रंगांतील भेद ओळखताच येत नव्हता. चित्रकार होण्याचे स्वप्न घेऊन आलेल्या तरुणाला आपले डोळेच आपल्याला साथ देत नाहीत असे कळावे, यापरता आघात तो कोणता! दुसरा एखादा हताश होऊन गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरून ठेवली. यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत. तेथे माप लागते, नजर लागते. यंत्ररेखनाच्या या ज्ञानावर त्यांना व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. १८८७ साली स्थापन झालेली ही संस्था तेव्हा अगदी नवी होती.

येथे त्यांच्या स्वभावाचा पहिला खरा पुरावा मिळतो. त्यांना नेमले होते ते रेखन शिकविण्यासाठी; पण वर्ग सुटला की ते संस्थेच्या कर्मशाळेत जाऊन बसत. कागदावर आपण जे दाते, आस आणि पट्टे काढतो, ते प्रत्यक्षात फिरतात कसे, अडतात कोठे, झिजतात कोठे, हे त्यांना बघावयाचे होते. त्यासाठी त्यांना कोणी जादा वेतन देत नव्हते. आम्हा नोकरदारांचा शिरस्ता असा की, जे काम आपल्या टेबलाचे नाही त्याकडे बघावयाचे नाही. लक्ष्मणराव नोकरीत असूनही हा शिरस्ता पाळीत नव्हते. पुढे जे झाले त्याचे मूळ मला तरी येथेच दिसते.

त्याच सुमारास मुंबईच्या रस्त्यांवर सायकल दिसू लागली होती. दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी सायकल विलायतेत निघाली ती १८८५ च्या सुमारास, आणि डनलॉपची हवेची धाव आली १८८८ मध्ये; म्हणजे ही त्या घटकेची सर्वांत नवी वस्तू होती. लक्ष्मणरावांनी ती नुसती पाहिली नाही. ती कशी चालते हे समजून घेतले, आणि ती विकताही येईल हे ओळखले. बंधू रामूअण्णा बेळगावात होते. मुंबईहून सायकली पाठवावयाच्या आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकावयाच्या, लोकांना चालविण्यास शिकवावयाचे, असा बेत ठरला. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव तेव्हापासूनचे. किर्लोस्कर घराणे आपल्या उद्योगाचा आरंभ १८८८ या सालापासून मोजते.

सायकलीचे दुकान ही आज क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण ती वस्तूच अशी आहे की तिच्यात लपलेले काही नाही. साखळी, दाते, गोळ्यांची धारवी, ताण दिलेल्या तारा असे सारे यंत्रशास्त्र डोळ्यांसमोर उघडे असते. अमेरिकेतील डेटन गावच्या राइट बंधूंनी १८९२ साली सायकलीचेच दुकान काढले होते, आणि विमान त्यांनी त्या दुकानाच्या मागच्या खोलीत घडविले. इंग्लंडात मोटारींचे कारखानदार झालेले विल्यम मॉरिस हेही मूळचे सायकल दुरुस्त करणारे. बेळगावचे किर्लोस्कर बंधू याच पंगतीतले.

नोकरी सुटली ती एका अन्यायामुळे. बढतीची जागा निघाली आणि ती लक्ष्मणरावांना न मिळता एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली.

या ठिकाणी वाचकांची क्षमा मागून एक खासगी गोष्ट सांगतो. तिशीत असताना, दुसऱ्या शहरात, माझ्यावरही असा प्रसंग आला होता. यादीत नाव वर असताना जागा दुसऱ्यास गेली. मी विनंतीअर्ज केला, त्यावर स्मरणपत्र पाठविले, आणि मग गप्प बसलो. घरी दोन लहान मुले होती, हे कारण मी स्वतःला देत आलो. कारण खोटे नव्हते. परंतु लक्ष्मणरावांच्या हाती राजीनामा देताना बेळगावचे दुकान होते आणि कर्मशाळेत फावल्या वेळी कमावलेली विद्या होती. माझ्या हाती तशी कोणतीच गोष्ट नव्हती, आणि ती नसण्याचा दोष माझ्या मुलांचा नव्हता.

बेळगावात आल्यावर लक्ष्मणरावांनी विकण्याकडून बनविण्याकडे मोर्चा वळविला. शिकविणारा कोणी नव्हता. अमेरिकेतून येणारी यांत्रिक विषयांवरची मासिके आणि पुस्तके हेच गुरू. त्यांतील चित्रे बघून, प्रमाण ताडून, ते वस्तू घडवीत. प्रथम हाती घेतले कडबा कापण्याचे यंत्र. ज्वारीचा अख्खा कडबा जनावरापुढे टाकला तर ते पाने आणि शेंडे खाते आणि जाड बुडखे तुडवून टाकते. तोच बारीक कापून दिला की वाया जात नाही. ज्या मुलखात दर चार-दोन वर्षांनी चाऱ्याची टंचाई, तेथे या यंत्राचे मोल शेतकऱ्याला समजावून द्यावे लागले नाही.

नांगराची गोष्ट मात्र निराळी. १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगर जमीन फाडतो, पण उलथीत नाही. हरळी आणि कुंदा यांची मुळे खाली तशीच राहतात. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो आणि मागचा वाकडा पत्रा मातीचे ढेकूळ उचलून पालथे घालतो. हे सारे लक्ष्मणरावांना स्पष्ट दिसत होते. शेतकऱ्याला दिसत नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज पसरला आणि तयार झालेले नांगर दुकानात पडून राहिले. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली.

ही हकीकत सांगताना आपले चरित्रकार शेतकऱ्याच्या अंधश्रद्धेवर बोट ठेवतात आणि पुढे जातात. मला ते पटत नाही. माझे आजोबा शेती करीत. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार-लोहार तो बलुत्यावर दुरुस्त करून देई. त्यासाठी रोख पैसा काढावा लागत नसे. बिडाचा फाळ झिजला किंवा तडकला तर गावचा लोहार काय करणार? शिवाय खोल जाणाऱ्या नांगराला बैलांच्या जोड्या अधिक लागतात, आणि ज्याच्या दावणीला एकच जोडी त्याने काय करावे? जमीन विषारी होते या बोलण्यामागे ही सारी भीती दडलेली असली पाहिजे. जो शेतकरी एका हंगामाच्या चुकीने कर्जात जातो, तो नवी वस्तू घेताना कां-कूं करतो, याला मी तरी शहाणपणच म्हणेन.

लक्ष्मणरावांचे मोठेपण असे की त्यांनी त्या दोन वर्षांत शेतकऱ्याला दूषणे देण्यात वेळ घालविला नाही. धाडस करून ज्यांनी नांगर घेतला त्यांच्या शेतात तो कसा चालतो इकडे त्यांचे लक्ष होते. फाळाचे टोक लवकर झिजते, अशी तक्रार आली तेव्हा त्यांनी ती अपमान मानली नाही. ओतकामात कठीणपणा कसा आणावा याचे प्रयोग त्यांनी सुरू केले आणि टोक सुधारले. पूर्वी त्यांचे कुतूहल यंत्राच्या पोटात काय आहे येथपर्यंत जात असे. आता ते गिऱ्हाइकाच्या बांधापर्यंत गेले. कल्पक कारागीर आपल्याकडे गावोगाव होते आणि आहेत. त्यांतले फारच थोडे हे दुसरे पाऊल टाकतात.

धंदा जेमतेम मार्गाला लागतो तोच नवे संकट उभे राहिले. बेळगावात कारखाना जेथे होता ती जागा नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी हवी होती. जागा सोडा, असा हुकूम आला. भट्ट्या, यंत्रे, माणसे घेऊन जावे तरी कोठे? अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. हे राजे स्वतः नामांकित चित्रकार. ज्याला रंगांनी दगा दिला त्याला एका चित्रकारानेच हात द्यावा, हा योगायोग मोठा मनोज्ञ आहे. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर पडीक जमीन दिली आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १० मार्च १९१० रोजी तेथे कामाला आरंभ झाला.

ती जमीन म्हणजे निवडुंगाचे रान होते, आणि त्या रानात सापांचा सुळसुळाट. पंचवीसएक कामगार आणि त्यांची बायकामुले तेथे येऊन राहिली. लक्ष्मणरावांनी आपल्याभोवती जी माणसे गोळा केली त्यांची यादी पाहिली तर कोणत्याही भरती मंडळाने कपाळाला हात लावला असता. रामूअण्णांनी कारभार सांभाळला. शंभोअण्णा जांभेकर यंत्रे बघत. के. के. कुलकर्णी यांच्या जिभेवर साखर होती, म्हणून बाहेरचे व्यवहार आणि विक्री त्यांच्याकडे. मंगेशराव रेगे हिशेबनीस. अनंतराव फळणीकरांचे शिक्षण अर्धवट सुटलेले, पण यंत्रांच्या बाबतीत त्यांचे डोके विलक्षण चाले. आणि रात्रीच्या पहाऱ्याला कोण? तर शिक्षा भोगून आलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. ज्यांच्यावर कोणी भरवसा ठेवीत नव्हते त्यांच्या हाती लक्ष्मणरावांनी कारखाना सोपविला, आणि तो भरवसा वाया गेला नाही. वसाहतीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, हा त्यांचा निश्चय होता. १९१० सालच्या मराठी मुलखात असे ठरविणे किती अवघड, हे वाचकांनीच ताडावे.

आपल्याकडे अशा पुरुषांची चरित्रे त्यांना एकाकी वीर करून टाकतात. वस्तुतः रामूअण्णांनी बेळगावचे दुकान चालविले नसते, औंधच्या राजांनी कर्ज दिले नसते, राधाबाईंनी त्या निवडुंगाच्या रानात संसार मांडला नसता, तर लक्ष्मणरावांचे कुतूहल कागदावरच राहिले असते. प्रयोग करणाऱ्या माणसामागे त्याचे नुकसान सोसणारे घर लागते.

पुढील इतिहास सर्वपरिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात विलायती माल बंद झाला. लोखंड, कोळसा, रंग सारेच दुर्मिळ झाले. पण बाहेरचे नांगर येईनासे झाल्याने मागणीही वाढली. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप अशी मालाची यादी लांबत गेली. १५ जानेवारी १९२० रोजी ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही कंपनी नोंदली गेली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकापर्यंत पोचविणारे हे पत्रक पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ यांची त्यात भर पडली. नांगर विकणाऱ्या कारखान्याने मराठी घराघरांत वाचनाची गोडी लावावी, हे जगाच्या पाठीवर अन्यत्र कोठे घडले असेल असे वाटत नाही. माझ्या आईच्या ट्रंकेत ‘स्त्री’चे जुने अंक होते आणि त्यांतील विणकामाच्या नमुन्यांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या.

सारेच प्रयोग साधले असे मात्र नव्हे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. किर्लोस्करवाडीहूनही एक चरखा खटपटीने तयार होऊन गेला. तो स्पर्धेच्या अटींना पुरा उतरला नाही आणि बक्षीस मिळाले नाही. सभासमारंभांतील भाषणांत या चरख्याचा उल्लेख क्वचितच होतो. मला तो यशस्वी नांगराइतकाच महत्त्वाचा वाटतो. ज्या कारखान्याचे नांगर सर्वदूर जात होते, त्याला या खटाटोपाची गरज काय होती?

तामिळनाडूत राहणाऱ्या आपणांस या स्वभावाची साक्ष जवळच मिळते. कोइमतूरचे जी. डी. नायडू यांचे शिक्षण शाळेपुरतेही पुरे झाले नव्हते. त्यांनी एक मोटारसायकल मिळविली ती प्रथम सुटी करून पुन्हा जोडण्यासाठी. १९२० साली एका बसगाडीवर त्यांनी पोल्लाची ते पळनी अशी वाहतूक सुरू केली, आणि १९३७ साली देशी बनावटीची विजेची मोटार त्यांच्या प्रयत्नांतून निघाली. किर्लोस्करवाडीत पंप, कोइमतुरात मोटार. विहिरीवरची मोट सुटली ती अशा दोन्ही बाजूंच्या खटपटीतून. एकाला चित्रशाळा सोडावी लागली, दुसऱ्याने शाळाच सोडली. वस्तू उघडून बघण्याची खोड मात्र दोघांना सारखीच.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथून यंत्रशास्त्राचे शिक्षण घेऊन आले. ज्या देशाच्या मासिकांतील चित्रे बघून वडील शिकले, त्या देशात जाऊन मुलगा शिकला. १९४१ मध्ये हरिहर येथे आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीस व बंगलोरला नवे कारखाने निघाले. परंतु १९४८ च्या आरंभी गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. निवडुंग तोडून उभे केलेले एका दिवसात जळावे, हे त्या वयात सोसणे किती कठीण! कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यास लक्ष्मणरावांचे देहावसान झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने तिकीट काढले. कुंडल रोड स्टेशनाचे नाव तर आधीच किर्लोस्करवाडी झाले होते.

मजकूर येथपर्यंत झाल्यावर गेल्या रविवारी सौकारपेठेत जाऊन आलो. गलाईचे ते दुकान म्हणजे जिन्याखालची आठ-दहा फुटांची खोली. भट्टीची धग दारापर्यंत येत होती. मुलाशी निवांत बोलता आले. तराजू का उघडला होता, हे त्याला प्रथमच कोणी तरी विचारीत होते, असे दिसले. पावसाळ्यात वजनात गुंजभर फरक पडतो आणि त्यावरून गिऱ्हाइकांशी वाद होतात. तो फरक दमट हवेने पडतो की भट्टीच्या धगीने, हे त्याला शोधावयाचे होते. कस सांगणारी यंत्रे बिघडली तर दुरुस्त करणारा माणूस दूरवरून यावा लागतो, हेही त्याने हेरून ठेवले होते. गावी जाताना पुण्याकडून आलो तर किर्लोस्करवाडी स्टेशनावरच उतरतो, असे तो म्हणाला; कारखान्याकडे मात्र त्याने कधी मान वळवून पाहिले नव्हते. ते नाव एका माणसाचे आहे, हे त्याला माहीत होते. तो माणूस रंग ओळखू शकत नव्हता, हे माहीत नव्हते.

दिवाळीत गावी जाईन तेव्हा पाहून येतो, असे त्याने कबूल केले आहे. परीक्षेचा अर्ज त्याच्या वडिलांनी भरून आणला होता. मी त्यावर नजर टाकली, जन्मतारखेच्या रकान्यातील एक चूक दाखविली आणि परत केला.